नैरोबीची स्वीडिश मंडळी, शेपू आणि टीटीएमएम

माझ्या भाचीच्या मैत्रिणीच्या नवऱ्याची नैरोबीला बदली झालीये. ती बिचारी घोडबंदर रोडचा नवाकोरा फ्लॅट भाड्याने देऊन निघणारे, आणि तिने मला फोन करून विचारलं की काकू, शाळा, डॉक्टर, भाजी हे सगळं गुगलवर मिळतंय, पण तिथे माणसं कशी जमवायची? शनिवार-रविवारी करायचं काय? प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे, आणि फोनवर इतका वेळ बोलूनही माझं सांगून झालं नाही, म्हणून उरलेलं तिच्यासाठी इथे लिहितेय.

कोविडच्या आधीची काही वर्षं आम्ही नैरोबीत होतो. नवऱ्याची नोकरी आणि माझा डिपेंडंट पास, ज्यावर तिथे काम करता येत नाही, त्यामुळे मुलं शाळेत गेली की दिवस मोकळा. आपली मराठी मंडळी तिथे आहेतच, गणपती होतो, कोजागिरी होते, दिवाळीला चकलीच्या भाजणीवरून कुणाचं तरी वाजतं, ते सगळं तुला आपोआप सापडेल, पार्कलँड्सला भाजी घेताना कुणीतरी "तुम्ही मराठी का?" विचारेलच. म्हणून त्याबद्दल नाही लिहीत. लिहितेय ते आमच्या बाजूच्या घरातल्या स्वीडिश कुटुंबाबद्दल आणि त्यांच्यामागोमाग आमच्याकडे यायला-जायला लागलेल्या त्यांच्या गोतावळ्याबद्दल, कारण परक्या गावात माणसं कशी जमवायची हे मी खरं त्यांच्याकडे बघून शिकले, आणि काय करायचं नाही हेही.

नैरोबीत स्वीडिश लोक कुठून आले हे मलाही सुरुवातीला कळेना. तर १९७२ साली स्टॉकहोमला युनोची पर्यावरणावरची पहिली मोठी परिषद झाली, तीच जिथे आपल्या इंदिरा गांधी जाऊन बोलल्या होत्या, यजमान ओलोफ पाल्मे सोडले तर दुसऱ्या कुठल्याच देशाचे पंतप्रधान तिकडे फिरकले नव्हते. त्या परिषदेतून युनेप, म्हणजे युनोची पर्यावरण संस्था, निघाली आणि तिचं मुख्यालय नैरोबीला आलं, आज गिगिरी भागात युनोचं भलंमोठं आवार आहे. शिवाय दूतावास, मदत संस्था, जुने मिशनरी, कंपन्या. करेन भागात चक्क स्वीडिश शाळा आहे. लेखिका करेन ब्लिक्सन, जिच्या कॉफीच्या मळ्यातल्या घराचं आता म्युझियम झालंय, ती डेनिश, पण तिचा नवरा ब्रोर स्वीडिश. १९१४ साली मोम्बासाला लग्न केलं, जमीन कॉफीसाठी फार उंचावर निघाली, आणि नवरा बहुतेक वेळ शिकारीला. टुरिस्ट लोक त्या घरात तिच्याबद्दल हळहळतात आणि आमची शेजारीण म्हणायची, आमच्या देशातून इथे आलेला सगळ्यात फेमस माणूस हा असा, काय सांगणार!

आमच्या या शेजाऱ्यांकडे नोकरी बायकोची होती. ती सकाळी गाडी काढून ऑफिसला जायची आणि नवरा घरी, दोन मुलं, डबे, धुणं, सगळं त्याच्याकडे. स्वीडनमध्ये बापालाही बाळंतपणाची रजा १९७४ पासून आहे, आई-बाप मिळून ४८० दिवस, त्यातले ९० दिवस प्रत्येकाचे राखीव, दुसऱ्याला देताच येत नाहीत. त्यामुळे त्याला त्यात काही विशेष वाटायचं नाही, आपल्या लोकांना मात्र चैन पडेना. एका हळदीकुंकवाला तीन बायकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "पण तो करतो काय?" मी म्हटलं मी करते तेच करतो. त्यावर एक काकू म्हणाल्या, "हो, पण त्याला कंटाळा येत असेल ना गं." माझ्या कंटाळ्याची चौकशी तोवर कुणी केली नव्हती.

तर आता त्यांच्या सोशल लाईफबद्दल. पहिली गोष्ट, सगळं कॅलेंडरवर. आपल्यासारखं "या की कधीतरी घरी" हे त्यांच्यात नाहीच, कधीतरी म्हणजे तो माणूस डायरी काढून विचारणार, कधी? वर्ष सुरू झालं की कुठला सण कुणाच्या बागेत हे ठरायचं आणि मग यादी फिरायची, बटाटे कोण, केक कोण, टेबलं कोण लावणार, आणि शेवटी आवरायला कोण थांबणार. आवरायला कोण थांबणार हे आधी लिहून घेणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. मुलांच्या वाढदिवसाला तीन ते पाच असं स्पष्ट लिहिलेलं असायचं आणि पाचला खरंच सगळे बूट घालायला लागायचे, बूट कारण घरात शिरताना आपल्यासारखेच दाराशी काढतात, हे एक मला फार बरं वाटलं होतं. आपल्या बायका म्हणायच्या की काय हे कोरडे लोक, वेळ संपली की घालवून देतात. अहो, आपल्या हळदीकुंकवाला पण पाच ते आठ असंच कळवतो ना आपण, फक्त आपण पाळत नाही.

दुसरी गोष्ट पैसे. शुद्ध टीटीएमएम! नैवाशा तळ्यावर जाऊन आलो की रात्री मेसेज, पेट्रोल इतकं, पार्कची फी इतकी, दोन कलिंगडं इतकी, भागिले माणसं, आणि तिथे मोबाईलवरून पैसे पाठवायचं एमपेसा २००७ पासून आहे, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी, त्यामुळे गाडीतून उतरायच्या आत हिशोब मिटलेला. पहिल्यांदा माझ्या नवऱ्याला हे फारच लागलं, तो म्हणे कलिंगडाचे काय पैसे घेतात. मला उलट ते आवडायला लागलं कारण कोण कुणाचं देणं लागतो हे मनात धरून बसायचं कामच नाही, आणि आपल्याकडे "राहू दे गं, मी देते" वरून जी ओढाताण होते आणि पुढे सहा महिने जे ऐकावं लागतं त्यापेक्षा हे परवडलं.

आता सणांबद्दल. जूनमध्ये मिडसमर. स्वीडनमध्ये १९ ते २५ जूनच्या मधला शुक्रवार हा तो दिवस, वर्षातला सगळ्यात मोठा उजेडाचा काळ, स्टॉकहोमला सूर्य रात्री दहा वाजता मावळतो आणि वर उत्तरेला तर मावळतच नाही, त्याचा तो आनंद. नैरोबी आहे विषुववृत्ताला खेटून. बाराही महिने सूर्य साडेसहाच्या आसपास बुडणार, वर गाव जवळजवळ १८०० मीटर उंचीवर, आणि जून-जुलै हे तिथले थंडीचे महिने. म्हणजे डोक्यावर फुलांचे मुकुट, अंगात स्वेटर, मधोमध पानाफुलांनी सजवलेला उंच खांब, त्याभोवती मोठमोठे हुद्देदार लोक बेडकासारख्या उड्या मारत गोल फिरतायत (हो, बेडूकउड्याच, ती त्यांची रीतच आहे) आणि सातच्या आत मिट्ट काळोख. मग घाईघाईने सगळे आत, आणि आतमध्ये खारवलेल्या हेरिंग माशाच्या बरण्या, ज्या सुट्टीवरून येताना बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणलेल्या. फुलं मात्र ढिगाने, कारण नैवाशाकडे फुलांची शेती आहे आणि युरोपला जाणारी गुलाबं तिथूनच जातात. मुलींनी त्या रात्री सात प्रकारची फुलं उशाखाली ठेवून झोपायचं म्हणजे होणारा नवरा स्वप्नात दिसतो. माझ्या मुलीने ठेवली होती, सकाळी तिला फक्त शिंका.

पण माझा आवडता सण ऑगस्टचा. क्रेफिश पार्टी. क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातली बोटभर लांबीची शेवंड समजा. पूर्वी स्वीडनमध्ये ऑगस्टच्या आधी क्रेफिश पकडायला बंदी असायची, ती उठली की खाण्याचा सण. मी ठाण्याची, त्यात सीकेपी, आमच्याकडे जून-जुलैची मासेमारीची बंदी आणि मग नारळी पौर्णिमा ही वाट बघणं काय असतं ते मला कुणी शिकवायला नको. लहानपणी चेंदणी कोळीवाड्यातली मावशी दारावर पहिली पाटी घेऊन यायची तेव्हा आमचे आजोबा पेपर टाकून उठायचे.

यात गंमत म्हणजे नैवाशा तळ्यातले क्रेफिश मुळात आफ्रिकेतले नाहीतच. अमेरिकेतल्या लुईझियानाकडचे, १९७० साली धंद्यासाठी तळ्यात सोडले, ते वाढले, पाणवनस्पती खाऊन तळ्याची पार रया घालवली, आणि युरोपला विकलेही गेले. तिकडे स्वीडनच्या क्रेफिशवर १९०७ साली रोग आला, त्यात त्यांचे गावठी क्रेफिश बऱ्याच ठिकाणी संपले, म्हणून साठीच्या दशकात त्यांनीही अमेरिकेतलीच दुसरी जात आणून तळ्यांत सोडली. म्हणजे स्वीडिश माणसं केनियात बसून आपला पिढीजात सण अमेरिकन जिवांवर साजरा करतायत, आणि शेपू पुरवतेय मी.

हो, शेपू! क्रेफिश मिठाच्या पाण्यात शेपू घालून उकडतात, आणि पानांचा कोवळा शेपू त्यांना चालत नाही, फुलावर आलेला हवा, आपण जो जून झाला म्हणून फेकून देतो तो. शेजारीण दोन दिवस सगळीकडे शोधून हताश झाली होती. मी पार्कलँड्सच्या माझ्या भाजीवाल्याला सांगितलं की शेपू आणू नकोस, विसरून जा आणि शेतात वाढू दे. त्याला वाटलं माझं डोकं फिरलं. पण पुढच्या आठवड्यात त्याने फुलांच्या छत्र्या आलेली ही मोठी जुडी आणली, फुकट द्यायला निघाला होता, मी जबरदस्तीने पैसे दिले. त्या दिवसापासून त्या मंडळींत माझी पत वाढली ती वाढलीच.

उकडून झालं की क्रेफिश त्याच पाण्यात रात्रभर ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी गार खातात. गार! मसाला नाही, आलं-लसूण नाही, लिंबूही नाही. मी मनात म्हटलं झालं, आता तोंड वाकडं न करता कसं खायचं. पण खरं सांगते, शेपूचा वास आत मुरलेला, मीठ बरोबर, आणि मांस गोडसर, वाईट नव्हतं, रात्री घरी येऊन तिखट-मिठाचं कालवण जेवलो ते वेगळं. खायची पद्धत मात्र एकदम ओळखीची, हाताने नांगी मोडायची, डोकं ओढून काढायचं आणि आतला रस चोखायचा, आवाज करून, आणि आवाज करणं तिथे चालतं. बाकीचे पाहुणे काटे शोधत होते तोवर माझ्या ताटलीत कवचांचा डोंगर. बाजूचे आजोबा, त्यांचं सगळं आयुष्य टांझानिया आणि केनियात मिशनमध्ये गेलेलं, ते माझ्याकडे बघत होते आणि शेवटी त्यांनी काही न बोलता स्वतःच्या ताटलीतले दोन माझ्या ताटलीत ठेवले.

सगळ्यांच्या डोक्यावर कागदी टोप्या, गळ्यात लाळेरी, झाडाला हसऱ्या चंद्राचे कागदी कंदील, आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी ग्लास उचलणार की सगळ्यांनी उभं राहून एक छोटं गाणं म्हणायचं आणि मगच तो घोट. कागदावर गाणी छापून प्रत्येकाच्या ताटाशी ठेवलेली. मी गेटजवळ गाडीतून शाल घ्यायला गेले तर तिथला अस्कारी, म्हणजे वॉचमन, गंभीरपणे बघत उभा होता. मला म्हणाला, "मामा (स्वाहिलीत आईला, बाईमाणसाला मामा म्हणतात), ही प्रार्थना चाललीये का?" मी म्हटलं जवळजवळ तसंच. तो म्हणाला, "मग टोपी का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आऊटिंगचं म्हणशील तर हे लोक चालणारे. मॉलमध्ये जाऊन बसणं त्यांच्यात फार नव्हतंच, आणि २०१३ ला वेस्टगेट मॉलवर हल्ला झाला त्यानंतर तर एकमेकांची बाग नाहीतर डोंगर असंच झालं, असं जुने लोक सांगायचे. न्गाँग हिल्सवर पवनचक्क्यांच्या बाजूने, बरोबर रेंजर घेऊन. करुरा जंगलात, जे बिल्डरांच्या घशात जायचं ते पर्यावरणासाठी लढणाऱ्या वांगारी मथाईंनी वाचवलं, १९९९ मध्ये त्यासाठी तिथे मारही खाल्ला, पुढे २००४ ला त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. आणि हेल्स गेट, नैवाशाजवळ, जिथे झेब्रे आणि जिराफांच्या मधून सायकल चालवता येते. पाठीला थर्मास, त्यात कॉफी, आणि दर तासा-दीड तासाने कुठेतरी दगडावर बसून कॉफी आणि वेलचीचा बन, पाऊस असो की ऊन. कॉफी मात्र स्वीडनहून आणलेली, म्हणजे केनियात पिकून युरोपात जाऊन भाजून परत केनियात आलेलीही असेल, कुणी सांगावं. आणि केनियाची माणसं स्वतः पितात दुधाचा उकळलेला चहा, आपल्यासारखाच, चहाला चायच म्हणतात आणि चपातीला चपाती.

ठाण्यात परत आल्यावर मी ग्रुप जमवून येऊरच्या जंगलात जायला लागले तेव्हा हे फार आठवायचं. शहराला लागून जंगल असलेली गावं किती कमी आहेत, आणि मला दोन्ही मिळाली. नैरोबी नॅशनल पार्क १९४६ चं, साधारण ११७ चौरस किलोमीटर, आपलं संजय गांधी उद्यान १०४ च्या आसपास, तिथे सिंहाच्या मागे उंच इमारती दिसतात आणि आपल्याकडे बिबट्या येऊन सोसायटीच्या सीसीटीव्हीत दिसतो. फरक एवढाच की येऊरला दर रविवारी कुणीतरी ब्लूटूथ स्पीकर घेऊन येतं.

डिसेंबरच्या १३ तारखेला लुसिया. पांढरे झगे, कमरेला लाल पट्टा, पुढच्या मुलीच्या डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट (लहान मुलींना आता बॅटरीचा), पहाटेच्या अंधारात गात यायचं. आणि केशराचे बन! एस आकाराचे, दोन्ही टोकांना बेदाणा. केशर आणि वेलची हे त्यांचे जीव की प्राण आहेत हे कळल्यावर मी जाऊबाईंना जांभळी नाक्यावरून केशर आणायला सांगितलं, कुणी येणारं असलं की त्याच्याबरोबर डब्या यायच्या आणि त्या बदल्यात आमच्या मुलांना त्यांची शनिवारची गोळ्या-चॉकलेटं. स्वीडिश मुलांना गोड खाऊ फक्त शनिवारी, हा नियम मी घरी लावून बघितला, सासूबाई व्हिडिओ कॉलवर होत्या तोपर्यंतच टिकला.

आता जे मला खटकलं तेही सांगते, नाहीतर म्हणशील काकू नुसतं कौतुक करतायत. या सगळ्या पार्ट्यांत, बागांत, डोंगरांवर केनियन माणूस कुठे होता? गेटवर होता, स्वयंपाकघरात होता, गाडी चालवत होता. ऑफिसमधले एक-दोन सहकारी यायचे, नीट कपडे करून, कोपऱ्यात ज्यूस घेऊन उभे राहायचे आणि लवकर निघायचे. ही तीच माणसं जी आफ्रिकेच्या भल्यासाठी दिवसभर काम करायची, मनापासून करायची, त्यात शंका नाही. आणि आपल्या लोकांबद्दल मी हे बोलायला नको असं वाटतं, पण आपल्याकडे तर त्याहून वाईट, आपल्या गणपतीत सुद्धा केनियन माणूस दिसायचा तो मंडपाच्या खुर्च्या उचलताना. स्वीडिश लोक निदान नोकरांना नावाने हाक मारायचे आणि कामवालीबरोबर एका टेबलावर जेवायचे. आपल्यातल्या कित्येक जणींनी तर तिचा कप वेगळा ठेवलेला. हे मी तिथेही बोलले होते, त्यानंतर एका घरचं हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं, चालायचंच.

दुसरं म्हणजे ही मैत्री जमते झटकन कारण सगळ्यांना माहीत असतं की दोन-तीन वर्षांत कुणाची तरी बदली येणार. जून आला की निरोपाच्या पार्ट्या आणि घरातलं सामान विकायच्या याद्या. आमचा सोफा एका स्वीडिश घरातून आला आणि आम्ही निघताना एका पंजाबी घरात गेला. कधी कधी वाटायचं आपण माणसांना नाही, फर्निचरला ओळखतो.

तर तू काय कर, पहिल्या महिन्यातच बाजूच्या घराची बेल वाजव, कुणी का असेना. वाट बघत बसू नकोस की ते बोलावतील, कारण ते कॅलेंडर बघूनच बोलावणार आणि कॅलेंडर आधीच भरलेलं असतं. थोडं स्वाहिली शीक, नुसतं नमस्कारापुरतं जाम्बो नाही, भाजीवाल्याशी घासाघीस करण्याइतकं, आमची खरी ओळख गावाशी तिथूनच झाली. केशर ने. जाड स्वेटर ने, हसू नकोस. आणि कामवालीला आपल्याबरोबर चहाला बसव.

माझ्या शेजारणीची आता तिसऱ्याच देशात बदली झालीये. मध्ये तिला मी तुर्भ्याच्या आयकियाचे, म्हणजे त्यांच्याच देशाच्या फर्निचरच्या दुकानाचे, फोटो पाठवले, ते २०२० ला सुरू झालं, तर ती हळहळली, नैरोबीत एवढी स्वीडिश माणसं पण आयकिया नाही, आणि तुम्हाला घरापासून तासाभरावर! फोटोतले आपल्याकडचे चिकनचे मीटबॉल बघून मात्र तिने नाक मुरडलं. यंदा ती नवरा-मुलांसकट गणपतीला येतेय, मुद्दाम गौरीच्या दिवशी, कारण आमच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो आणि त्यात चिंबोऱ्या असतात हे ऐकल्यापासून तिला राहवत नाहीये. आत्तापासून मेसेज चालू आहेत, आरती किती वाजता, जेवण किती वाजता, आवरायला कोण कोण थांबणार. तिला मी आरतीची खरी वेळ कळवलीये, आणि घरच्या सगळ्यांना तासभर अलीकडची.